शॉकमध्ये सलाइन किती? वजनाच्या किलोमागे ३० मिली या आकड्यामागची गोष्ट

कॅज्युअल्टीबाहेर उभ्या नातेवाइकांना ‘पेशंट शॉकमध्ये आहे’ असं सांगितलं की बरेचदा उत्तर येतं, हो, घाबरलाय तो फार. त्यांची यात काही चूक नाही, शब्दच आधीपासून दिशाभूल करणारा आहे. बंदुकीच्या जखमांवरच्या एका फ्रेंच सर्जनच्या पुस्तकाचं १७४३ मध्ये इंग्रजी भाषांतर झालं त्यातून हा शब्द इंग्रजी वैद्यकात आला असं सहसा सांगतात, आणि मुळात त्याचा अर्थ दणका, आदळणं असाच होता. पुढची दीडशे वर्षं दोष नसांवर जात राहिला, म्हणजे जखमेच्या दणक्याने मज्जासंस्था गळून जाते वगैरे, कारण मोजायला हातात काही नव्हतंच.

मग १८९६ मध्ये दंडाला बांधायचा बीपीचा पट्टा आला आणि वेगळाच घोटाळा झाला, शॉक म्हणजे बीपी कमी असं समीकरण बसलं ते आजही पूर्ण सुटलेलं नाही. शॉक म्हणजे पेशींपर्यंत पुरेसा ऑक्सिजन न पोचणं, बीपी पडणं ही बऱ्याचदा त्याची उशिरा दिसणारी खूण. धडधाकट तरुण माणसाचं जवळपास ३० टक्के रक्त जाईपर्यंत वरचं बीपी टिकू शकतं, तोवर नाडी पळत असते, हातपाय गार पडलेले असतात, लघवी कमी झालेली असते, माणूस उगाच चिडचिड करत असतो, आणि मॉनिटरवर ११० बघून सगळे निवांत.

मधला काळ थोडक्यात. शिरेतून मिठाचं पाणी १८३२ च्या कॉलऱ्याच्या साथीतच देऊन झालं होतं. पहिल्या महायुद्धात १९१७ पर्यंत सायट्रेट (रक्त गोठू न देणारं रसायन) घातलेलं रक्त बाटल्यांत साठवून आघाडीजवळ नेता येऊ लागलं. १९३० च्या सुमारास कुत्र्यांवरच्या प्रयोगांनी दाखवलं की चिरडलेल्या पायातच इतकं रक्त आणि द्रव साठतो की शॉक समजावायला वेगळं विष शोधायची गरज नाही. आणि आज शिकवतात ते चार प्रकार, म्हणजे व्हॉल्यूम कमी, पंप कमजोर, रक्तवाहिन्या सैल, वाट अडलेली, ती मांडणी १९७२ ची.

सलाइन किती द्यायचं याचा खरा वाद सुरू होतो २००१ पासून. डेट्रॉइटच्या एका इमर्जन्सी विभागात सेप्सिसच्या (जंतुसंसर्गाने अवयव निकामी होऊ लागतात ती अवस्था, त्यातूनच शॉक होतो) २६३ पेशंटांवर अभ्यास झाला, अर्ध्यांना पहिले सहा तास ठरलेल्या पायऱ्यांनी ट्रीटमेंट, सेंट्रल लाइन (हृदयाजवळच्या मोठ्या शिरेतली नळी) टाकून तिथलं प्रेशर ८ ते १२, मीन म्हणजे सरासरी बीपी ६५, शिरेतल्या रक्ताचं ऑक्सिजन सॅच्युरेशन ७० टक्के, लागलं तर रक्त, लागलं तर डोब्युटामिन (हृदयाचा जोर वाढवणारं औषध). हॉस्पिटलमधले मृत्यू ४६.५ टक्क्यांवरून ३०.५ वर आले. सगळीकडे प्रोटोकॉल लागले. आणि मला वाटतं त्या अभ्यासाचं मोठं देणं हेच की सेप्सिसचा पेशंट आयसीयूचा बेड मिळेपर्यंत कोपऱ्यात पडून राहायचा ते थांबलं. पण लोकांनी लक्षात ठेवलं ‘भरपूर सलाइन’. खरं तर पहिल्या सहा तासांत पायऱ्यांच्या गटाला सुमारे ५ लिटर आणि दुसऱ्याला साडेतीन मिळालं होतं, आणि ७२ तासांची बेरीज दोन्हीकडे १३ लिटरच्या आसपास, म्हणजे फरक वेळेचा होता.

२०१४ आणि २०१५ मध्ये तीन मोठे अभ्यास आले, अमेरिका, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड आणि इतर काही देश, आणि इंग्लंड, मिळून चार हजारांहून जास्त पेशंट, आणि त्या पायऱ्यांचा वेगळा फायदा कुठेच दिसला नाही. तोवर नेहमीची ट्रीटमेंटच सुधारली होती, लवकर ओळख, लवकर अँटिबायोटिक.

आता तो आकडा. २००१ च्या अभ्यासात वजनाच्या किलोमागे २० ते ३० मिली सलाइन देऊनही बीपी वर आलं नाही तर पेशंट घ्यायचा, अशी प्रवेशाची अट होती (किंवा मग लॅक्टेट, म्हणजे ऑक्सिजन कमी पडला की रक्तात वाढणारा पदार्थ, ४ किंवा जास्त). नंतरच्या अभ्यासांतही पेशंट दाखल व्हायच्या आधी साधारण तेवढंच गेलेलं होतं. म्हणजे ३० मिली ही तेव्हाची वहिवाट होती, कोणी १५ विरुद्ध ३० असं तपासून काढलेला डोस नव्हता, तरी २०१६ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये ‘पहिल्या तीन तासांत किमान ३० मिली’ ही जोरदार शिफारस झाली, आणि अमेरिकेत तर ऑक्टोबर २०१५ पासूनच हॉस्पिटलच्या गुणवत्तेच्या मोजमापात हा आकडा धरला जात होता. ८० किलोच्या माणसाला २४०० मिली, मग हृदय कमजोर असो की किडनी बंद, डॉक्टरला कारण लिहीत बसावं लागणार. हे मला तेव्हाही पटलं नव्हतं.

कारण उलट बाजूचा पुरावा समोर होता. २०११ मध्ये युगांडा, केनिया आणि टांझानियातल्या ३१४१ मुलांच्या अभ्यासात बोलस (थोड्या वेळात भराभर सोडलेला द्रव) दिलेल्या गटांत ४८ तासांतले मृत्यू साडेदहा टक्क्यांच्या आसपास आणि बोलस न दिलेल्यांत ७.३ टक्के. यात जुलाबाने सुकलेली मुलं नव्हती, मलेरिया आणि रक्त कमी असलेली पुष्कळ होती, त्यामुळे निकाल जसाच्या तसा सगळीकडे लावता येत नाही हे मान्य. पण २०१७ मध्ये झांबियातून मोठ्या माणसांवरचा अभ्यास आला, २०९ पेशंट, प्रोटोकॉलने जास्त सलाइन दिलेल्यांत ४८ टक्के मृत्यू, नेहमीच्या ट्रीटमेंटवर ३३. बहुतेकांना एचआयव्ही होता आणि व्हेंटिलेटर फारसे हाताशी नव्हते, हे खरंच. मात्र जिथे फुफ्फुसात पाणी भरलं तर सावरायला मशीन नाही तिथे हाच आकडा लादणं धोक्याचं, एवढं तरी यातून घ्यायला हवं होतं.

२०२३ मध्ये अमेरिकेतल्या १५६३ पेशंटांवर कमी सलाइन आणि लवकर नॉरअ‍ॅड्रेनॅलिन (रक्तवाहिन्या आवळून बीपी वाढवणारं औषध) विरुद्ध जास्त सलाइन अशी तुलना झाली, २४ तासांत दोन लिटरचा फरक पडला तरी ९० दिवसांचे मृत्यू सारखेच, १४ आणि १४.९ टक्के. पण तिथेही सुरुवातीचे एक ते तीन लिटर आधीच गेले होते, म्हणजे पहिल्या बाटल्यांचा प्रश्न तसाच राहिला.

रक्तस्रावात तर गणितच वेगळं, तिथे रक्त थांबवणं, रक्त देणं आणि तीन तासांच्या आत ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड (रक्ताची गुठळी टिकवणारं औषध, २०१० चा अभ्यास, वीस हजारांवर जखमी), सलाइनने रक्त पातळच होतं.

२०१९ मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या आयसीयूंमध्ये ४२४ पेशंटांवर बोटाची साधी तपासणी, म्हणजे काचेने बोटाचं टोक नखाच्या उलट बाजूने दाबून रंग परत यायला किती सेकंद लागतात ते, ट्रीटमेंट ठरवायला लॅक्टेटसमोर उभी केली. मृत्यू बोटाच्या गटात ३४.९ आणि लॅक्टेटच्या गटात ४३.४ टक्के, आकडेशास्त्राने फरक सिद्ध झाला नाही, पण फुकटची तपासणी लॅबच्या आकड्यापेक्षा कमी पडली नाही आणि दर अर्ध्या तासाने करता येते. २०२१ च्या सूचनांनी तिला जागा दिली, नॉरअ‍ॅड्रेनॅलिन सेंट्रल लाइनची वाट न बघता हाताच्या शिरेतून सुरू करायला मोकळीक दिली, आणि ३० मिलीची शिफारस ‘जोरदार’वरून ‘कमकुवत’वर आणली. आकडा मात्र ३०च ठेवला.