रिकाम्या 'पॉइंट टू-टू'चा चाप ओढू नका

समज असा : काडतूस नसताना चाप कितीदाही ओढा, रायफलीला काही होत नाही.

मोठ्या रायफलीबाबत हे बरंचसं खरं, म्हणून तर पसरलं. तिची ठोका देणारी पिन काडतुसाच्या मधोमध आपटते. चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, रिकामं असेल तर पुढे नुसती पोकळी. पॉइंट टू-टू म्हणजे ०.२२ इंची छोटी रायफल. तिची दारू पेटते ती पुंगळीच्या, म्हणजे काडतुसाच्या धातूच्या कवचाच्या, मागच्या कडेवर ठोका बसून. ती कडा नसेल तर कित्येक जुन्या एकबारी रायफलींत पिन थेट चेंबरच्या काठावर बसते. काठ दबतो, लोखंडाची बारीक कोर आत सरकते. मग काडतूस पूर्ण बसायला दोराभर उरलं असताना अडतं, पुंगळी ओरखडा घेऊन निघते. खळगा खोल असला तर कडेला पुढून आधार उरत नाही आणि काडतूस फुसकं जातं. दोष मात्र दारूला!

जळगाव-धुळ्याकडे आजोबांच्या परवान्यावरून वारशानं आलेली रायफल घरात असेल तर बघा. बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा दांडा) उघडा, चेंबर रिकामं असल्याची बोटानं खात्री करा, मग बोल्ट काढून विजेरीनं काठ न्याहाळा. उडालेल्या पुंगळीवर ठोका जिथे दिसतो, तिथेच चकाकता खळगा शोधा. सापडला तर कानस लावू नका. परवानाधारक कारागीर ती कोर दाबून बसवतो.

सरावाला उडालेली पुंगळी चालते, दर ठोक्याला थोडी फिरवून. नव्या बऱ्याच रायफलींत पिन आधीच थांबते. माहितीपुस्तिकेत तसं लिहिलेलं असतं.