मोटार सुरू करणे व वाटेतील खोळंबा (कोकण किनारपट्टी)

मोटारगाडी सुरक्षितपणे सुरू करण्याची रीत, तसेच ती वाटेत बंद पडली, तापली, रुतली किंवा पाण्यात सापडली तर करायचे उपाय. ही कौशल्ये सगळीकडे सारखीच असली, तरी सह्याद्री आणि अरबी समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत उतार, पाणी आणि खारा वारा यांमुळे त्यांना वेगळे वळण मिळते. इथे वर्षाला साधारण २,५०० ते ३,५०० मिमी. पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. पनवेलहून दक्षिणेला जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६६ (पूर्वीचा क्रमांक १७) हा मुख्य रस्ता. त्यातून घाटावर चढणारे आणि खाड्यांकडे उतरणारे फाटे अरुंद, वळणाचे आणि रात्री निर्मनुष्य असतात. गॅरेज तालुक्याच्या गावी, मोबाइलची रेंज डोंगराआड. त्यामुळे पहिला अर्धा तास चालकाला स्वतःच निभवावा लागतो, आणि त्या वेळात सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे बंद पडलेली गाडी घाईने पुन्हा सुरू करू पाहणे. किल्ली कधी फिरवायची याइतकेच ती कधी फिरवायची नाही हे कळणे इथे महत्त्वाचे आहे.

सुरू करण्यापूर्वी

गावच्या घरी महिनोन्‌महिने उभी असलेली गाडी हा कोकणातला नेहमीचा प्रकार. घरची माणसे मुंबईला, गाडी मांगरात (घराजवळच्या शेडमध्ये) किंवा ताडपत्रीखाली. गणपतीला किंवा शिमग्याला ती एकदम हवी असते. अशा गाडीला आधी एक फेरी मारावी. खाली तेलाचा किंवा पाण्याचा डाग आहे का, टायर बसले आहेत का, हँडब्रेक ओढून ठेवल्याने मागचे ब्रेक गंजून चिकटले आहेत का, हे पाहावे. (लांब मुदतीसाठी गाडी ठेवताना सपाट जागी गिअरमध्ये ठेवून चाकाला लाकडी ठोकळा लावावा आणि हँडब्रेक सोडून द्यावा, चिकटण्याचा प्रश्नच येत नाही.)

बॉनेट उघडून आत डोकावणे ही इथे केवळ तेल-पाण्याची तपासणी नसते. उंदीर वायरी कुरतडतात, आणि उंदरांमागे साप येतो. फुरसे आणि घोणस हे दोन्ही विषारी साप कोकणात आहेत. पावसाळ्यात कोरडी जागा शोधत ते इंजिनाच्या कप्प्यात किंवा चाकाच्या कमानीत शिरू शकतात. बॉनेटवर दोन थापा माराव्यात, काठीने चाकांच्या आतली बाजू चाचपावी, अंधारात हात घालू नये. साप दिसला तर गाडी सुरू करून त्याला पळवण्याचा प्रयत्न करू नये. दूर उभे राहून सर्पमित्राला बोलवावे.

पावसाची झड अडवण्यासाठी शेडला चहूबाजूंनी प्लास्टिक लावलेले असेल, तर इंजिन सुरू करण्याआधी एक बाजू पूर्ण मोकळी करावी. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही; बंद जागेत तो माणसाला उठण्याची संधीही देत नाही.

प्रत्यक्ष सुरू करण्याची कृती लहान आहे. हँडब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रलमध्ये, क्लच पूर्ण दाबलेला. ऑटोमॅटिक गाडीत लिव्हर ‘पी’वर आणि पाय ब्रेकवर. किल्ली एक घर पुढे फिरवून दिवे लागू द्यावेत. डिझेल गाडीत वेटोळ्या तारेचे चिन्ह विझेपर्यंत थांबावे. सेल्फ (इंजिन फिरवून सुरू करणारी विजेची मोटर) एका वेळी पाच ते दहा सेकंदच मारावा आणि दोन प्रयत्नांत अर्धा मिनिट जाऊ द्यावे. इंजिन सुरू झाल्यावर तेलाच्या झारीचा लाल दिवा विझला पाहिजे. तो विझला नाही तर ताबडतोब इंजिन बंद.

विजेवर चालणारा सेल्फ चार्ल्स केटरिंग या अमेरिकी अभियंत्याने विकसित केला आणि १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांत तो आला. त्याआधी हँडल मारून इंजिन फिरवावे लागे. आपल्याकडच्या अँबॅसडरबरोबर हे हँडल पुढेही अनेक वर्षे मिळत असे. ते धरताना अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवावा, म्हणजे इंजिनाने उलटा झटका दिला तरी तो मोडत नाही, ही शिकवण जुन्या ड्रायव्हरांकडून ऐकायला मिळते.

बॅटरी

समुद्रावरून येणारी खारट, दमट हवा बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड चढवते. बॅटरी चांगली असूनही सेल्फ नुसता ‘टक्‌’ करतो, त्याचे कारण बहुधा ही पूडच असते. खाण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्याने टर्मिनल धुवावीत, कोरडी करून घट्ट बसवावीत आणि वर पेट्रोलियम जेलीचा हात फिरवावा. हे काम दर पावसाळ्याच्या आधी करण्यासारखे आहे. पूर्ण भरलेली बारा व्होल्टची बॅटरी गाडी बंद असताना सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते.

बॅटरी उतरलीच असेल तर दुसऱ्या गाडीवरून जंपर केबल लावतात. दोन्ही गाड्या बंद असाव्यात आणि एकमेकींना चिकटलेल्या नसाव्यात. लाल केबल आधी उतरलेल्या बॅटरीच्या अधिक टोकाला, मग चांगल्या बॅटरीच्या अधिक टोकाला. काळी केबल चांगल्या बॅटरीच्या उणे टोकाला, आणि तिचे शेवटचे टोक बॅटरी उतरलेल्या गाडीच्या इंजिनावरील उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. या शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते आणि बॅटरीतून हायड्रोजन वायू बाहेर पडत असतो, म्हणून ती लांब करायची. काढताना क्रम उलटा.

धक्का मारून गाडी सुरू करणे फक्त हाती गिअरच्या गाडीला लागू. किल्ली ऑन, दुसरा गिअर, क्लच दाबलेला. गाडीने वेग घेतला की क्लच झटकन सोडायचा. मात्र घाटाच्या उतारावर हा प्रयोग करू नये. इंजिन बंद असताना ब्रेकला मिळणारी मदत दोन-तीन दाबांत संपते, पॉवर स्टिअरिंग जड होते, आणि समोर वळण असते.

पाणी

रस्त्यावरून वाहणारे पाणी हा कोकणातला सर्वांत मोठा धोका, कारण तो फसवा असतो. व्हाळावरची फरशी (ओढ्यावरचा बुटका पूल), खाडीकाठचा सखल रस्ता, शहरातला नदीकाठ या तिन्ही ठिकाणी पाणी पाहता पाहता चढते. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण बुडाले तेव्हा असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला आणि एसटीच्या दोन बसगाड्या नदीत गेल्या. अंधारात, पावसात, पुढे रस्ता उरलेला नाही हे दिसण्याची सोय नव्हती. सुमारे ३० सेंमी. वाहते पाणी लहान मोटार उचलू लागते. गढूळ पाण्याखाली फरशी शाबूत आहे की नाही हेही वरून कळत नाही. पाणी वाहत असेल तर थांबावे, उतरेपर्यंत थांबावे, आणि गावकरी ‘जाऊ नका’ म्हणाला तर त्याचे ऐकावे. तो व्हाळ त्याच्या रोजच्या पाहण्यातला असतो.

साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली तर सेल्फ अजिबात मारू नये. हवेच्या वाटेने पाणी सिलिंडरमध्ये गेलेले असू शकते. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. पिस्टन वर येताना अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. ढकलत बाहेर काढलेली गाडी थोड्या खर्चात वाचू शकते. एका सेल्फमध्ये मात्र आख्खे इंजिन जाते. पाणी दाराशी चढू लागले तर सामानाचा विचार न करता काच खाली करून बाहेर पडावे. विजेच्या काचा पाण्यात किती वेळ चालतील याचा भरवसा नसतो.

मुसळधार पावसात चालू गाडीचे चारही इंडिकेटर लावण्याची सवय पसरली आहे. ती चुकीची आहे. ते दिवे उभ्या गाडीसाठी असतात; चालत्या गाडीने ते लावले की ती वळणार आहे की थांबली आहे हे मागच्याला समजत नाही. अंबोली घाटातल्या धुक्यात तर दिव्यांचा झोत खाली (डीपर) ठेवून, वेग कमी करून, रस्त्याकडेच्या पांढऱ्या पट्टीच्या आधाराने जावे.

पुळण

पुळणीवर (समुद्रकाठच्या वाळूवर) गाडी घालून रुतवणे हा प्रामुख्याने पाहुण्यांचा अपघात. अनेक किनाऱ्यांवर वाहनांना मनाई आहे, ती पाळावी. वाळूत कासवांची घरटी असतात. तरीही दर सुट्टीत कुठे ना कुठे गाडी अडकते आणि भरती यायला लागते.

भरतीचा अंदाज किनाऱ्यावरची माणसे तिथीवरून बांधतात. तिथीचा आकडा पाऊणपट केला की भरती पूर्ण होण्याची ढोबळ वेळ मिळते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, दिवसाही आणि रात्रीही. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटे असतात. अमावास्या-पौर्णिमेला दुपारी बाराच्या सुमारास भरती होऊन संध्याकाळी पाणी दूर गेलेले असते. रुंद, ओली, घट्ट वाळू तेव्हा मोह घालते. अष्टमी-नवमीला नेमके सूर्यास्त पाहण्याच्या वेळी पाणी वर येते. पंचांग न पाहता आलेल्या माणसाला हा फरक ठाऊक नसतो.

रुतलेल्या गाडीचा ॲक्सिलरेटर दाबून चाके गरागरा फिरवली की ती आणखी खोल जातात आणि पोट वाळूवर टेकते. आधी माणसे उतरवावीत. चाकांपुढची वाळू हातांनी उकरावी, टायरची हवा १५ ते १८ पीएसआयपर्यंत उतरवावी, चाकाखाली पायपुसणी, फळ्या किंवा माडाच्या झावळ्या सरकवाव्यात आणि पहिल्या किंवा रिव्हर्स गिअरमध्ये अलगद निघावे. नाही निघाली तर ट्रॅक्टर. दोर गाडीच्या ओढण्याच्या हुकलाच बांधावा, बंपरला नव्हे, आणि ताणलेल्या दोराच्या रेषेत कोणी उभे राहू नये. बाहेर निघाल्यावर हवा भरून घ्यावी. गाडीचे पोट त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवावे.

घाट

कशेडी, परशुराम, कुंभार्ली, आंबा, फोंडा, अंबोली: कोकणात येणाऱ्याला बहुधा यातला एखादा ओलांडावा लागतो. ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचा, हा ड्रायव्हरांचा नियम यंत्रशास्त्राला धरून आहे. इंजिनच गाडीला रोखते आणि ब्रेक गार राहतात. न्यूट्रलमध्ये उतरल्यास ब्रेक तापून पकड सोडतात. आधी लायनर जळल्याचा वास येतो. तो आला की सुरक्षित जागी अर्धा तास थांबावे. ब्रेक पूर्ण गेले तर पेडल पटापट दाबावे, एकेक गिअर उतरवावा, हँडब्रेक हळूहळू ओढावा आणि दरीकडे न जाता डोंगराच्या कडेला गाडी घासत थांबवावी. इंजिन बंद करू नये. अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यावी.

चढावर गाडी तापली तर रेडिएटरचे झाकण उघडू नये; आतले पाणी दाबाखाली असते आणि तोंडावर उसळते. बाजूला थांबून इंजिन बंद करावे, पूर्ण गार झाल्यावरच कूलंट भरावे.

पंक्चर झाल्यास स्टेपनी लावण्याआधी नट जमिनीवरच ढिले करावेत, मग जॅक. ओल्या तांबड्या मातीत जॅक रुततो, म्हणून खाली फळी हवी. जांभ्याचा चिरा ठिसूळ असल्याने फुटू शकतो. (स्टेपनी हा शब्द वेल्समधल्या लानेथ्ली गावच्या स्टेपनी रस्त्यावरून आला. तिथे १९०४ मध्ये जादा चाकाचा हा उद्योग सुरू झाला.) दुसऱ्या चाकाला ओट म्हणून लावलेला दगड निघताना उचलून कडेला टाकावा. रात्री मोटारसायकलवाला त्याच दगडावर आदळतो.

मदत

गाडी वळणावर बंद पडली तर माणसे आधी कठड्याच्या किंवा गटाराच्या पलीकडे, मग चारही इंडिकेटर, मग लाल त्रिकोण: वळणाच्या अलीकडे, मागून येणाऱ्याला वेळेत दिसेल असा. आणीबाणीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८, राष्ट्रीय महामार्गावर १०३३. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याचे २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १३४ अ संरक्षण देते, त्यामुळे थांबायला भिऊ नये. फोनवर जागा सांगताना महामार्गावर किलोमीटरच्या दगडावरचा आकडा वाचून दाखवावा. आतल्या रस्त्यावर मागे गेलेल्या एसटी थांब्याचे आणि वाडीचे नाव सांगावे, कारण एकाच गावाच्या दोन वाड्यांमध्ये कधी कधी एक अख्खा डोंगर असतो.