देवयानीपासून अलकनंदेपर्यंत

पाऊस पुरता गेला, दिवाळी उलटली की गुहागरच्या पुळणीवर रात्री आठ-नऊला उताणं पडावं. पश्चिमेला खोल पाण्यात एलईडी लावून मासे धरणाऱ्या बोटींचा पांढरा झगमगाट असतो (बंदी आहे म्हणे!), पण माथ्यावर काळोख शाबूत असतो. शर्मिष्ठा तारकासमूहाच्या जरा दक्षिणेला, डोळे सरावल्यावर, एक पुसट डाग दिसतो. पाटीवरची खडूची खूण ओल्या बोटाने पुसावी तसा. ही देवयानी दीर्घिका, म्हणजे ताऱ्यांचा अफाट समूह. तिचा प्रकाश 25 लाख वर्षं वाटेत होता.

हा डाग इराणच्या अल-सूफी या खगोलज्ञाने इ.स. 964च्या सुमारास ‘छोटा ढग’ म्हणून नोंदवला होता. दीर्घिकेचा सर्पिल, म्हणजे पीळदार आकार मात्र आधी दुसरीकडे सापडला. 1845 मध्ये आयर्लंडच्या लॉर्ड रॉसने आपल्या 72 इंची दुर्बिणीतून एम 51 ही दीर्घिका पाहिली आणि तिचे पीळ हाताने रेखाटले. पण ही भिंगरी आपल्याच आकाशगंगेतली की बाहेरची? 1920 मध्ये शॅप्ली आणि कर्टिस या खगोलज्ञांनी त्यावर जाहीर वाद घातला, निकाल लागला नाही.

तो लागला 1923च्या ऑक्टोबरात. अमेरिकेतल्या माउंट विल्सन वेधशाळेत खगोलज्ञ हबलने देवयानीच्या छायाचित्राच्या एका काचपट्टीवर नवतारा (अचानक उजळणारा तारा) समजून ‘एन’ लिहिलं होतं. नंतर ते खोडून शेजारी लिहिलं, ‘व्हीएआर!’, म्हणजे रूपविकारी, ठरावीक काळाने तेज वाढणारा-घटणारा तारा. त्या उद्गारचिन्हातला आनंद मला अजून गंमतीचा वाटतो. अशा ताऱ्याचा हा काळ मोजला की त्याचं खरं तेज कळतं, हे हेन्रिएटा लेव्हिट या खगोलज्ञ बाईंनी आधीच दाखवलं होतं. त्यावरून हबलने अंतर काढलं सुमारे 9 लाख प्रकाशवर्षं. आकडा चुकला, तरी देवयानी आकाशगंगेबाहेर गेली ती गेलीच.

पुढे समज असा रुळला, की विश्वाच्या बालपणी दीर्घिका वेड्यावाकड्या असणार, रेखीव पीळ पडायला वेळ लागतो. 2025च्या नोव्हेंबरात पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातल्या राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी ‘अलकनंदा’ जाहीर केली, तेव्हा त्या समजाला चांगलाच धक्का बसला. विश्व जेमतेम 150 कोटी वर्षांचं असतानाची ही दीर्घिका, तरी दोन ठसठशीत पीळदार भुजा आणि सुमारे 30 हजार प्रकाशवर्षांचा पसारा. ती सापडली वेब अवकाश दुर्बिणीच्या छायाचित्रांत. पुढ्यातल्या एबल 2744 या दीर्घिकासमूहाच्या गुरुत्वाने तिचा प्रकाश वाढवून दिला होता. हिंदीत आकाशगंगेला मंदाकिनी म्हणतात, म्हणून मंदाकिनी नदीच्या बहिणीचं, अलकनंदेचं नाव.

या भुजा इतक्या लवकर कशा पडल्या, याचं उत्तर अजून नाही. या दीर्घिकेची तबकडी किती शिस्तीत फिरते, हे तिच्या प्रकाशाच्या वर्णपटावरून पाहायचं काम उरलंय.