पुण्याच्या ससून रुग्णालयातून मृतदेह ताब्यात घेताना: कुणाकडे जायचं, कोणते कागद लागतात

अपघातात किंवा अचानक कुणी गेलं, पोलिसांनी मृतदेह शवागारात हलवला, की सगळं घर डेडहाऊसच्या दारात जाऊन बसतं. मामा गेले तेव्हा आम्हीही तसेच बसलो होतो. सकाळी सातपासून, आत-बाहेर करणाऱ्या प्रत्येकाला एकच विचारत होतो, "बॉडी कधी मिळेल?" साडेअकराला कळलं की आमचे कागद पोलीस ठाण्यातून निघालेच नव्हते.

म्हणून आधी हे लक्षात ठेवा: अशा प्रकरणात मृतदेह पोलिसांच्या ताब्यात असतो. शवागारातला कर्मचारी तो देऊ शकत नाही, डॉक्टरही देऊ शकत नाहीत. घरातला शांतपणे बोलू शकेल असा एक जण थेट तपास करणाऱ्या अंमलदाराकडे पाठवा. बाकीच्यांनी आई-वडिलांजवळ थांबावं.

काही देशांत अशा मृत्यूची चौकशी कोरोनर नावाचा अधिकारी करतो. मुंबईतही १९९९ पर्यंत कोरोनर होता. पुण्यात मात्र हे काम पोलीस आणि दंडाधिकारी करतात. १ जुलै २०२४ पासून त्यासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १९४ लागू आहे (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १७४). अपघात, आत्महत्या, खून, भाजणं, विषबाधा, किंवा रुग्णालयात पोचण्याआधीच मृत्यू झाला आणि कारण कळत नाही, अशा वेळी 'अकस्मात मृत्यू'ची नोंद होते. आजारी माणूस घरीच गेला आणि नेहमीच्या डॉक्टरांना आजार माहीत असेल, तर ते नमुना ४ए मध्ये कारणाचा दाखला देतात. मग पोलिसांकडे जावं लागत नाही.

नोंदीनंतर दोन किंवा अधिक पंचांसमोर मरणोत्तर पंचनामा होतो. अंगावरच्या जखमा, कपडे, दागिने, खिशातल्या वस्तू, सगळं त्यात लिहिलं जातं. इथे घाई करू नका. आमच्या वेळी हवालदार बाकड्यावर बसून कार्बन लावून लिहीत होते, आम्ही विचारतील ते सांगत होतो आणि दाखवतील तिथे सही करत होतो. आधार कार्डावर मामांचं नाव 'दत्तात्रय', पंचनाम्यात 'दत्तात्रेय'. एका मात्रेपायी विम्याचे पैसे चार महिने अडकले आणि मामी प्रतिज्ञापत्रं करत फिरल्या. सही करण्याआधी नाव, वय आणि पत्ता आधार कार्ड शेजारी धरून वाचा, आणि गळ्यातली साखळी, घड्याळ, मोबाईल लिहिलंय ना तेही बघा.

अपघात साताऱ्याकडे झाला आणि मृत्यू पुण्याच्या रुग्णालयात, असं अनेकदा होतं. तेव्हा रुग्णालय ज्या हद्दीत आहे तिथलं ठाणं पंचनामा करून कागद मूळ ठाण्याकडे वर्ग करू शकतं. त्यासाठी मृतदेह साताऱ्याला न्यावा लागत नाही.

लग्नाला सात वर्षं पूर्ण व्हायच्या आत विवाहितेने आत्महत्या केली किंवा तिचा संशयास्पद मृत्यू झाला, तर चौकशी दंडाधिकाऱ्यांनी करायची असते, त्यामुळे वेळ जास्त लागतो. या सात वर्षांत नातेवाइकांनी नुसती मागणी केली तरी पोलिसांना मृतदेह शवविच्छेदनासाठी पाठवावा लागतो, आणि माहेरची माणसं नातेवाईकच आहेत. कोठडीतल्या मृत्यूची चौकशी न्यायदंडाधिकारी करतात. दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीत आई-वडील, मुलं, भावंडं आणि पती किंवा पत्नी यांना शक्य तिथे कळवायचं आणि हजर राहू द्यायचं, असं कायदाच सांगतो.

मनात संशय असेल तर तो आत्ताच, लेखी द्या आणि पोच घ्या. दफन झालं असेल तर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने मृतदेह पुन्हा काढून तपासता येतो. वैकुंठ स्मशानभूमीत दहन झाल्यावर तपासायला काही उरत नाही. 'आत्ता कशाला, नंतर बघू' म्हणणारं कुणीतरी जवळ असतंच. त्या वेळी त्याचं ऐकू नका.

शवविच्छेदन शहरात बहुतेक वेळा ससूनला, पिंपरी-चिंचवडकडे वायसीएमला (यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयात) होतं. सूर्यास्तानंतर ते करायला केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२१ मध्ये परवानगी दिली, पण सोय असलेल्या ठिकाणी, आणि खून, आत्महत्या, बलात्कार, कुजलेला मृतदेह किंवा घातपाताचा संशय असेल तर सहसा नाही. तशा प्रकरणात सकाळची वाट बघायची तयारी ठेवा. व्हिसेरा (तपासणीसाठी काढलेले अवयवांचे नमुने) राखून ठेवला असला तरी मृतदेह अडत नाही. 'कारण राखून ठेवले' असा शेरा मारून तो दिला जातो, प्रयोगशाळेचा अहवाल मागाहून येतो.

ताबा घेताना जवळच्या नातेवाइकाने स्वतः जावं. सोबत मृताचं आणि स्वतःचं आधार कार्ड, नातं दाखवणारं रेशनकार्ड किंवा तसा कागद, आणि प्रत्येकाच्या तीन-चार झेरॉक्स. पती किंवा मुलं परगावी असतील तर त्यांचं सहीचं संमतीपत्र. ओळख पटवून ताबा पावतीवर सही केली की मृतदेह मिळतो. पावतीची प्रत आणि मृत्यूच्या कारणाचा दाखला मागून घ्या, दहनाचा पास काढताना लागतात. गावी न्यायचं असेल तर पोलिसांचं पत्रही घ्या. विमानाने न्यायचं असेल तर मृतदेहावर रासायनिक प्रक्रिया केल्याचा दाखला लागतो.

खासगी रुग्णालयाने बिलापायी मृतदेह अडवला तर ते चूक आहे. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने तयार केलेल्या रुग्णहक्क सनदेत मृतदेह मिळण्याचा हक्क स्पष्ट लिहिलाय. बिलाचा वाद वेगळा चालू शकतो. आधी रुग्णालयाच्या प्रशासनाला लेखी द्या, तरी ऐकलं नाही तर ११२ वर फोन करा.

मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत व्हायला हवी. रुग्णालयातल्या मृत्यूची माहिती रुग्णालयच कळवतं, पण नावाचं स्पेलिंग तिथेही एकदा बघून घ्या. शवविच्छेदन अहवाल आणि पंचनाम्याची प्रत त्याच ठाण्यात अर्ज करून मागायची. अकस्मात मृत्यूचा नोंद क्रमांक पहिल्याच दिवशी लिहून ठेवा, पुढे प्रत्येक अर्जावर तोच टाकायचा असतो.