लोभसवाणा

लोभसवाणा : (विशेषण, स्त्रीलिंगी लोभसवाणी, नपुंसकलिंगी लोभसवाणे, बोलण्यात लोभसवाणं, सामान्यरूप लोभसवाण्या). पाहणाऱ्याला भुरळ घालणारे, पण त्या भुरळीतून हाव न जागवता जिव्हाळा जागवणारे रूप, हसू, मुद्रा किंवा चाल यांचे वर्णन करणारा मराठी शब्द. ‘लोभस’ या अधिक रूढ विशेषणाला ‘-वाणा’ हा प्रत्यय लागून तो सिद्ध होतो. ‘लोभस’ लिंगवचनाप्रमाणे बदलत नाही, ‘लोभसवाणा’ बदलतो.

शब्दाच्या मुळाशी संस्कृत ‘लुभ्’ धातू आहे. पाणिनीय धातुपाठात, म्हणजे धातूंच्या यादीत, तो दोनदा येतो : धातूंच्या दिवादि गणात ‘गार्ध्य’ म्हणजे हाव या अर्थी, आणि तुदादि गणात ‘विमोहन’ या अर्थी. पाणिनीच्या अष्टाध्यायी या व्याकरणग्रंथात ‘लुभो विमोहने’ (७.२.५४) असे स्वतंत्र सूत्र असून त्यामुळे विमोहनाच्या अर्थी ‘लुभित’ आणि एरवी ‘लुब्ध’ अशी रूपे वेगळी पडतात. त्यावरील काशिकावृत्ती या टीकेने विमोहनाचा अर्थ ‘आकुलीकरण’, म्हणजे विस्कटणे, असा सांगून ‘विलुभिताः केशाः’, म्हणजे विस्कटलेले केस, हे उदाहरण दिले आहे. वेदांच्या ब्राह्मणग्रंथांतही हा धातू गोंधळणे, क्रम बिघडणे या अर्थी आढळतो. त्यावरून विस्कटणे हा अर्थ आधीचा आणि हाव हा नंतरचा असे म्हणावेसे वाटते. परंतु याच कुळातील लॅटिन ‘लुबेत’, जर्मन ‘लीब’ आणि इंग्रजी ‘लव्ह’ हे शब्द आवडीकडे व प्रेमाकडे बोट दाखवतात, त्यामुळे हा क्रम संस्कृतपुरता मानणे अधिक सुरक्षित होय.

भुलवण्याच्या अर्थाचे सर्वांत परिचित उदाहरण वाल्मीकिरामायणाच्या अरण्यकांडात, नाशिकच्या पंचवटीशी परंपरेने जोडलेल्या प्रसंगात आहे. (पंचवटी गोदावरीच्या खालच्या अंगाला, भद्राचलमजवळच्या पर्णशाला येथे होती अशीही एक परंपरा आहे, शब्दाच्या इतिहासाला त्याने बाधा येत नाही.) रावण मारीचाला सुवर्णमृग होऊन सीतेला भुलवण्यास सांगतो तेथे ‘प्रलोभयित्वा’ असे लुभ् धातूचेच प्रयोजक रूप आहे, सीता मात्र मृगाविषयी ‘हृदयं हरतीव मे’, तो जणू माझे हृदय हरण करतो, एवढेच म्हणते. भुलवणाऱ्याचा हेतू आणि भुलणाऱ्याचा भाव यांतील हे अंतर पुढे मराठीने दोन वेगळ्या शब्दांत वाटून घेतलेले दिसते. ‘प्रलोभन’ हेतूकडे गेले. ‘लोभस’ आणि ‘लोभसवाणा’ यांत हेतूला जागा नाही. ज्याला आपण पाहिले जात आहोत याचे भान नाही, त्यालाच हे विशेषण शोभते. सीतेच्या डोळ्यांपुरता तो मृग लोभसवाणा होता. मारीचाचे कपट ठाऊक असलेला कीर्तनकार त्याला मोहक किंवा मायावी म्हणेल.

हे वाटप होण्यासाठी आधी ‘लोभ’ या शब्दालाच मराठीत वळण लागावे लागले. संस्कृतात आणि शास्त्रग्रंथांच्या मराठीत तो षड्रिपूंपैकी एक आहे. गीतेच्या सोळाव्या अध्यायात काम आणि क्रोध यांच्याबरोबर त्याला नरकाचे द्वार म्हटले आहे. मराठी व्यवहारात मात्र त्याचा अर्थ ममता, स्नेह, कृपादृष्टी असा झाला. पेशवेकालीन पत्रे ‘बहुत काय लिहिणे, लोभ असो दीजे’ अशा वळणाने संपतात, आणि ‘लोभ असावा’ हा आजच्या पत्रलेखनातील समारोप त्याचाच वारस होय. नरकाचे द्वार पत्राच्या शेवटी आप्तांकडे मागितले जाते याची कोणाला गंमतही वाटत नाही, इतका हा अर्थ मुरला आहे. ‘लोभी’, ‘लोभाविष्ट’ आणि ‘लुब्ध’ यांनी जुना अर्थ थोड्याफार प्रमाणात राखला. ‘लोभस’ नव्या अर्थावर उभा असल्याने तो या स्थित्यंतरानंतरचा, आणि ‘लोभसवाणा’ त्याहूनही उत्तरकालीन असावा.

‘लोभस’मधील ‘-स’ची उपपत्ती एकाहून अधिक प्रकारे लावता येते. संस्कृतात ‘लोमश’, ‘रोमश’ यांत दिसणारा ‘-श’ हा ‘-ने युक्त’ या अर्थाचा प्रत्यय त्याच्या मुळाशी मानता येईल. दुसरा मार्ग सादृश्याचा. संस्कृत ‘राजस’ हा रजोगुणापासून आलेला शब्द. मराठीने त्याचा संबंध ‘राजा’शी जोडून त्याला देखणा, सुकुमार असा अर्थ दिला, आणि तुकोबांच्या ‘राजस सुकुमार’ या शब्दांत तोच अर्थ आहे. ‘राजा’पासून ‘राजस’ असे एकदा कानाला पटले की ‘लोभा’पासून ‘लोभस’ घडण्यास अडचण राहत नाही. ‘गोंडस’ हा अर्थाने जवळचा शब्दही याच यमकात बसतो. हा दुसरा मार्ग अधिक स्वाभाविक वाटतो.

‘-वाणा’चा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. हा प्रत्यय लागलेले बहुतेक शब्द अप्रिय गोष्टींचे आहेत : किळसवाणा, कंटाळवाणा, लाजिरवाणा, ओंगळवाणा, केविलवाणा, दीनवाणा, उदासवाणा. या मेळ्यात ‘गोजिरवाणा’ आणि ‘लोभसवाणा’ पाहुण्यासारखे वाटतात. एक उपपत्ती संस्कृत ‘वर्ण’पासून निघते : वर्ण, प्राकृत वण्ण, मराठी वाण, म्हणजे रंग किंवा कांती, दीनवाणा म्हणजे दीन कांतीचा. तिच्यावर ध्वनिशास्त्रीय आक्षेप असा की प्राकृतातील जोड ‘ण्ण’ मराठीत दंत्य ‘न’ होतो : कर्ण-कान, पर्ण-पान, सुवर्ण-सोने. मराठीच्या घडणीवरील फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ ज्यूल ब्लॉक यांच्या १९२०च्या ग्रंथानंतर अशा ध्वनिनियमांकडे डोळेझाक करता येत नाही. उलट स्वरांमधील एकेरी ‘न’ मराठीत ‘ण’ होतो (पानीय-पाणी). त्यामुळे संस्कृत ‘-आपन’पासून आलेला, हिंदीत ‘डरावना’, ‘लुभावना’ यांत दिसणारा प्रयोजक प्रत्यय ‘-वाणा’च्या मुळाशी आहे, अशी दुसरी उपपत्ती संभवते. ‘ण’ची अडचण तिने सुटते, पण ‘-आवणा’चा ‘-वाणा’ होताना दीर्घ स्वर एक अक्षर पुढे का सरकला हे तिला सांगावे लागते.

पहिल्या आक्षेपाचे उत्तर एका म्हणीतच आहे. ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळा, वाण नाही पण गुण लागला’ यात रंगाच्या अर्थी ‘वाण’ मूर्धन्य ‘ण’नेच येतो, नियमाने अपेक्षित ‘वान’ ग्रामीण बोलीत ‘माझ्यावानी’, ‘पोरावानी’ अशा सारखेपणाच्या प्रत्ययात ऐकू येतो, आणि नाशिकच्या खेड्यापाड्यांतही तो नित्याचा आहे. शिवाय मूळ शब्द कोणत्या जातीचा आहे हेही पाहिले पाहिजे. किळस आणि कंटाळा ही नामे आहेत, आणि त्यांच्या बाबतीत ‘उत्पन्न करणारा’ हा प्रयोजक अर्थ जुळतो. दीन, उदास, ओंगळ आणि लोभस ही मुळातच विशेषणे आहेत. तेथे ‘तशा रूपाचा’ हाच अर्थ बसतो. दोन भिन्न प्रत्यय उच्चारसाम्यामुळे एकरूप झाले असे मानल्यास निदान ‘लोभसवाणा’पुरता ‘वर्ण’चा पक्ष सबळ ठरतो.

रोजच्या वापरात हा शब्द विरळ आहे. नाशिक शहरात तरुण मंडळींचे काम ‘गोड’, ‘भारी’ आणि ‘क्यूट’ यांवर भागते. ‘लोभसवाणा’ ऐकू येतो तो बारशाला जमलेल्या आजीमावशींकडून, कीर्तनात आणि शाळेच्या ‘वाक्यात उपयोग करा’ या प्रश्नाखाली. गंगेवरून (गोदावरीला नाशिककर गंगाच म्हणतात) दर्शन करून परतलेली बाई ‘काळारामाचं रूप आज किती लोभसवाणं दिसत होतं’ असे सहज म्हणते, आणि काळ्या पाषाणाची मूर्ती तीच असताना ‘आज’ हा शब्द खटकत नाही. पावसाळ्यातल्या ब्रह्मगिरीला मात्र वर्तमानपत्रे ‘विलोभनीय’ म्हणतात; डोंगराला लोभसवाणा म्हटल्यास तो खेळण्यातला वाटेल. निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागेतही हे विशेषण घडाला लागत नाही. तेथे मण्यांची फुगवण आणि रंग यांची चर्चा होते, माल ‘देखणा’ किंवा ‘एक नंबर’ असतो. तोच घड दोन्ही हातांनी कवटाळून बांधावर उभे असलेले पोर लोभसवाणे असते.

मोठ्या माणसाला, विशेषतः पुरुषाला, हा शब्द लावला की बहुधा उपरोध होतो. नवी टोपी तिरपी घालून दारात उभ्या राहिलेल्या जावयाकडे पाहून सासूबाई स्वयंपाकघरात ‘काय लोभसवाणं ध्यान आलंय बघा’ असे पुटपुटतात, तेव्हा ‘ध्यान’ आणि ‘लोभसवाणं’ हे दोन्ही शब्द देवघरातून उचललेले असतात.