गच्चीवरचं पाणी जमिनीत मुरवायला पुणेकर का लागले?

१७५० च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तळ्याचं पाणी जमिनीखालच्या दगडी नळातून शहरात आणलं आणि पेठांतले हौद भरू लागले. १८७९ मध्ये खडकवासल्याचं धरण झालं, पुढे नळ घरात आले, आणि पागोळ्यांच्या पाण्याकडे बघायची कुणाला गरज उरली नाही. ते अंगणात मुरायचं, उरलेलं ओढ्याला जायचं.

१२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं. पूरग्रस्तांसाठी सहकारनगरसारख्या वसाहती उभ्या राहिल्या. तिथल्या बंगल्यांभोवती बाग होती, माती होती. पुढे बंगल्यांच्या जागी इमारती आल्या, पार्किंगसाठी कोबा आणि पेव्हिंग ब्लॉक आले. माझ्या मते खरी चूक इथे झाली: पाऊस तेवढाच राहिला, त्याची मुरायची जागा गेली.

त्यात पुण्याच्या पोटात काळा कातळ. पाणी धरतात ते मुरमाचा थर आणि खडकातल्या भेगा. त्यांची साठवण थोडी. बोअर वाढल्या, तशा उन्हाळ्यात आटूही लागल्या, आणि सोसायट्यांना टँकरची सवय लागली. शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर ७०० मिलिमीटर पाऊस पडला, तर ७० हजार लिटर पाणी होतं. पाचवा हिस्सा वाया गेला असं धरलं, तरी दहा हजार लिटरचे पाच टँकर भरतात. हे गणित पटल्यावरच अनेक सोसायट्या हलल्या.

असं पाणी मुरवणाऱ्यांना महापालिकेने मिळकतकरात सवलत दिली. २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीने ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडांवरच्या नव्या बांधकामांना पर्जन्यजल संकलन सक्तीचं केलं. पण त्याआधीच्या असंख्य इमारतींचं काय, हा प्रश्न उरतोच.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला. अरण्येश्वर, सहकारनगर परिसरात भिंती पडल्या, गाड्या वाहून गेल्या, माणसं गेली. टंचाईपुरता असलेला विषय त्या रात्रीपासून पुराचाही झाला. एवढ्या मोठ्या पावसाला एकेका घरचा पाणी मुरवायचा खड्डा पुरणार नाही, हे खरं. तरी रोजच्या सरींचं पाणी शेकडो आवारांत थबकलं, तर ओढ्यावरचा भार निश्चित हलका होतो.

व्यवस्था तशी साधी. गच्चीचा पाइप, पहिल्या पावसाचं घाण पाणी बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह, मग शोषखड्डा: तळाशी मोठे दगड, वर खडी, त्यावर वाळू. खड्डा मुरमापर्यंत गेला तर पाणी जिरतं. कातळावरच थांबला तर तुंबतं. वाळूवर दरवर्षी गाळाचा चिकट थर बसतो. मे महिन्यात तो खरवडून काढला नाही, तर पाणी मुरायचं थांबतं आणि ओव्हरफ्लोमधून थेट गटारात जातं. म्हणूनच सवलत देताना खड्डा आहे का, एवढंच न बघता तो पाणी घेतोय का, हे पावसात येऊन तपासायला हवं.