कूस बदलण्यामागचे विज्ञान

कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय असो वा नवी मुंबईतील एखादा अतिदक्षता विभाग, अर्धांगवायूने किंवा खुब्याचे हाड मोडल्याने अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस वेळोवेळी बदलणे हे परिचारिकेचे ठरलेले काम असते. अनेकांना ते केवळ कष्टाचे काम वाटते. वास्तविक ते संशोधनातून सिद्ध झालेले उपचार आहेत.

एकाच अंगावर पडून राहिल्यास माकडहाड, टाच, खुबा अशा ठिकाणची कातडी हाड आणि गादी यांच्यामध्ये दबते, केशवाहिन्यांतील रक्तप्रवाह अडतो आणि पेशी मरू लागतात. यालाच आपण बेडसोर म्हणतो. सावळ्या त्वचेवर सुरुवातीची लाली सहज दिसत नाही, त्यामुळे तेथील ऊब आणि कडकपणा हाताने तपासावा लागतो. आपल्याकडे हे विशेष महत्त्वाचे आहे.

पूर्वी अशा जागी तऱ्हेतऱ्हेची मलमे आणि द्रावणे चोळली जात. ब्रिटिश परिचारिका डोरीन नॉर्टन यांनी सहकाऱ्यांसह वृद्ध रुग्णांचा अभ्यास करून १९६२ मध्ये दाखवून दिले, की खरा फरक पडतो तो नियमितपणे कूस बदलल्याने. कोणत्या रुग्णाला धोका अधिक आहे हे आधीच ओळखण्यासाठी त्यांनी मोजपट्टीही तयार केली. शारीरिक स्थिती, मानसिक स्थिती, चालणे-फिरणे, अंथरुणातील हालचाल आणि मलमूत्रावरील ताबा या पाच बाबींना प्रत्येकी १ ते ४ गुण द्यायचे; बेरीज १४ किंवा त्याहून कमी आली, तर रुग्ण धोक्यात आहे असे समजायचे. दर दोन तासांचा परिचित नियमही आता सरसकट लावला जात नाही. रुग्णाची त्वचा, हालचाल आणि गादी पाहून अंतर ठरवले जाते.

मात्र सिस्टरनी काढलेले गुण केसपेपरवरच राहिले, तर त्यांचा रुग्णाला काहीही उपयोग नाही. प्रथिनांची कमतरता आहारतज्ज्ञाने भरून काढायची, हालचालीचे वेळापत्रक फिजिओथेरपिस्टने आखायचे, मधुमेह डॉक्टरांनी आटोक्यात आणायचा, आणि उचलताना कातडी घासू नये ही काळजी मावशी-मामांनी घ्यायची. ड्युटी बदलताना ओव्हर देणाऱ्या, म्हणजे पुढच्या पाळीकडे रुग्णांची माहिती सोपवणाऱ्या सिस्टरने रुग्ण कोणत्या कुशीवर आणि केव्हापासून आहे हे सांगितले नाही, तर मागील पाळीची सारी मेहनत वाया जाऊ शकते.

सांघिक कामात परिचारिकेच्या शब्दाला किती वजन असावे, याचे उत्तम उदाहरण अमेरिकेतील मिशिगन राज्यात सापडते. तेथील अतिदक्षता विभागांत मोठ्या शिरेत नळी घालताना हात धुण्यापासून सुरू होणारी पाच सूत्रे पाळायची होती, आणि एखादे सुटल्यास डॉक्टरांना थांबवण्याचा अधिकार परिचारिकांना दिला होता. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार १८ महिन्यांत नळीमुळे होणारे रक्तसंसर्ग ६६ टक्क्यांपर्यंत घटले.

अर्थात, लक्ष ठेवायला पुरेशी माणसेही हवीत. लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांच्या २००२ मधील अमेरिकी अभ्यासात एका परिचारिकेकडे शस्त्रक्रियेचा एकेक रुग्ण वाढत गेला, तशी ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढलेली आढळली. महापालिकांच्या रुग्णालयांतील परिचारिकांच्या भरतीचा विचार करताना हा आकडा टेबलावर असायलाच हवा, असे मला ठामपणे वाटते.